धनुष्य खाली ठेवण्याची दोन कारणे

योद्ध्याने शस्त्र खाली ठेवले, ही आपल्या वाङ्मयातील फार जुनी कथा आहे, आणि ती आपण बहुधा एकाच रीतीने सांगत आलो आहोत. आधी घोर कर्म, मग एखादा आघात, त्यातून पश्चात्ताप आणि अखेर नवा जन्म. वाल्याचा वाल्मीकी होतो, चंडाशोकाचा धर्माशोक होतो. या साच्याची गोडी अशी की त्यात वाचकाचे काम सोपे होते. पूर्वायुष्य काळे, उत्तरायुष्य पांढरे आणि मधली रेघ ठळक, इतके कळले की कथा कळली.

परंतु या साच्यातील सर्वांत थोर उदाहरणही दिसते तितके सरळ नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा हिशेब आहे: एक लाख मारले गेले, दीड लाखांना बंदी करून नेले आणि त्याहून कितीतरी पट माणसे नंतर मेली. राजाला झालेल्या दुःखाची नोंदही तेथेच आहे. मात्र हा तेरावा लेख खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड येथे, कोरलेलाच नाही. तेथे त्याच्या जागी दोन वेगळे लेख आहेत व त्यांत अधिकाऱ्यांना कारभाराविषयी सूचना आहेत. राजाचा पश्चात्ताप साम्राज्याच्या इतर प्रजेला वाचावयास मिळाला, ज्यांच्यावर तलवार चालली त्यांना मात्र नाही. यामागे राजनीती असेल, संकोच असेल किंवा आणखी काही असेल. आम्हांला इतकेच म्हणावयाचे आहे की हृदयपरिवर्तनाच्या कथेवर आपण जितका भार टाकतो तितका ती पेलू शकेलच असे नाही.

हा विचार आमच्या मनात येण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. आम्ही खानदेशात साहित्य शिकवतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील कितीतरी गावांच्या बाहेर पहाटे रस्त्यावर सैन्यभरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतली काही दहा वाजता आमच्या वर्गात बसलेली असतात. कोणाचा भाऊ काश्मिरात असतो, कोणाचा मामा सेवा संपवून नुकताच परतलेला असतो आणि गावाने त्याची वाजतगाजत मिरवणूक काढलेली असते. अशा वर्गात युद्धविरोधी कविता किंवा कथा शिकवताना शेवटच्या बाकावरून कधी ना कधी एक प्रश्न येतोच: ‘म्हणजे माझा भाऊ करतो ते चूक का?’ वाल्या आणि अशोक यांचा साचा या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देतो, कारण त्या साच्यात शांतीकडे जाण्याची वाट अपराधाच्या कबुलीतूनच जाते. ते उत्तर देण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि ते खरे आहे असे आम्हांला वाटतही नाही. म्हणून सैनिकाच्या शांतीकडे वळण्याची एखादी वेगळी कथा आपल्याजवळ आहे काय, याचा शोध घ्यावासा वाटला.

ती कथा महाराष्ट्रातच आहे. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म 5 सप्टेंबर 1933 रोजी मुंबईत माटुंग्याला झाला. शालेय शिक्षण दिल्लीत झाले. फाळणी झाली त्या वर्षी त्यांचे वय चौदा होते. 1949 मध्ये ते देहरादूनजवळच्या क्लेमेंट टाऊन येथील सैनिकी प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि 1953 मध्ये नौदलात अधिकारी झाले. 1971 च्या युद्धात पूर्वेकडील ताफ्यातील ‘आयएनएस ब्यास’ या युद्धनौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी करण्यात या ताफ्याचा मोठा वाटा होता. त्या कामगिरीबद्दल रामदास यांना वीरचक्र मिळाले. पुढे 30 नोव्हेंबर 1990 ते 30 सप्टेंबर 1993 या काळात ते नौदलप्रमुख होते. स्त्रियांना अधिकारी म्हणून नौदलात घेण्याची सुरुवात झाली ती 1992 मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत.

निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या भायमळा या गावी शेती करू लागले. सेनाधिकाऱ्याने निवृत्त होऊन शेती करावी यात विशेष काही नाही. विशेष आहे ते पुढचे. भारत आणि पाकिस्तानातील नागरिकांनी 1994 मध्ये एक संयुक्त मंच उभारला होता. सरकारे बोलत नसतील तर लोकांनी बोलावे, काश्मीर, निःशस्त्रीकरण आणि धार्मिक असहिष्णुता या विषयांवर दोन्ही देशांतील माणसांनी समोरासमोर बसून चर्चा करावी, असा त्याचा उद्देश होता. रामदास या मंचाच्या भारतीय शाखेचे अध्यक्ष झाले. दोन्ही देशांच्या निवृत्त सैनिकांना एकत्र आणणारा एक उपक्रमही त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. मे 1998 मध्ये भारताने पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्तानने चगाईला अणुस्फोट केले. त्यानंतर 2000 साली स्थापन झालेल्या अण्वस्त्रविरोधी आघाडीच्या अग्रभागी हा माजी नौदलप्रमुख उभा होता. 2004 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानातील पत्रकार इब्न अब्दुर रहमान यांना संयुक्तपणे देण्यात आला. रहमान यांचा जन्म आजच्या हरियाणातला. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि पुढे तेथील मानवी हक्क आयोगाच्या कामाचा आधारस्तंभ बनले. 1971 च्या युद्धात पाकिस्तानची नाकेबंदी करणारा सेनानी आणि पाकिस्तानचा एक नागरिक यांची नावे एकाच मानपत्रावर आली. रहमान 2021 मध्ये गेले, रामदास 15 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी.

या चरित्रात साच्यातील रेघ शोधू गेल्यास ती सापडत नाही. वीरचक्र परत केल्याचा प्रसंग त्यात नाही. 1971 बद्दल क्षमायाचना नाही. उलट, जाहीर पत्रके व निवेदने यांवर सही करताना ‘माजी नौदलप्रमुख’ ही ओळख ते आवर्जून देत. ज्या आयुष्याचा त्याग केला असे आपण समजू, त्याच आयुष्याच्या आधारावर ते बोलत होते. अण्वस्त्रांविषयीची त्यांची भूमिका हे याचे चांगले उदाहरण आहे. ती हळहळीतून आलेली नव्हती, ती व्यवसायाच्या जाणकारीतून आली होती. ज्या शस्त्राने रणांगण, ताफा, तळ यांच्यापुरते युद्ध मर्यादित ठेवता येत नाही, जे दोन शेजारी देशांत वापरले गेले तर निर्णयाला मिनिटेच मिळतील, ते सैनिकाचे शस्त्रच नव्हे, असा हा विचार आहे. असे म्हणणारा माणूस सैनिकपण टाकून देत नसतो, तो सैनिकपणाची मर्यादा सांगत असतो.

तुलनेसाठी दोन चरित्रे पाहता येतील. पहिले अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले. अण्णा हजारे सैन्यात वाहनचालक होते. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या वाहनावर हल्ला झाला, सहकारी मारले गेले, ते वाचले. आपले वाचलेले आयुष्य हे उसने आहे, ते लोकांसाठी वापरावे, हा त्यांचा निश्चय, दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर हाती आलेले विवेकानंदांचे पुस्तक, 1975 मध्ये सैन्य सोडून राळेगणसिद्धीला परतणे, हे सारे मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. तोंडपाठ होण्याचे कारण उघड आहे. ही कथा साच्यात बसते: आघात आहे, ग्रंथ आहे, पुनर्जन्म आहे. (त्यांच्या पुढील राजकीय आंदोलनांचा विचार येथे करण्याचे प्रयोजन नाही.)

दुसरे चरित्र लिओनार्ड चेशायर या ब्रिटिश वैमानिकाचे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या चेशायर यांनी 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवरचा बॉम्बस्फोट निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला. पुढे त्यांनी अपंग व असाध्य रुग्णांसाठी निवासगृहे उभारण्यात आयुष्य घालवले. भारतातील त्यांचे पहिले गृह मुंबईत अंधेरीला सुरू झाले. नागासाकी पाहिलेला माणूस रुग्णसेवेकडे वळला, हे वाक्य इतके सुबक आहे की त्यातून आपण अण्वस्त्रांचा निषेध आपोआप ऐकतो. परंतु चेशायर यांनी तसा निषेध केला नाही. त्या बॉम्बने युद्ध संपले असेच ते मानत राहिले. सेवा आणि शांतता या दोन वाटा नेहमीच एकमेकींना मिळतात असे नाही. एकाने जखमेवर पट्टी बांधली, दुसऱ्याने जखमेच्या कारणाकडे बोट दाखवले. दोन्ही कामे मोठी आहेत, पण ती वेगळी आहेत.

मग रामदास यांचे वळण वाचावे तरी कोणत्या चौकटीत? आम्हांला ती चौकट अगदी घराजवळ, धुळ्याच्या तुरुंगात मिळाली. 1932 मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील कैदी धुळ्याच्या कारागृहात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी तेथे गीतेवर दिली. अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी ती लिहून घेत. त्यांनी लिहून घेतली म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्यापुढे आहे. अहिंसेचे व्रत घेतलेला सत्याग्रही, अहिंसक लढ्यातील कैद्यांना, युद्धाच्या तोंडावर सांगितलेला ग्रंथ समजावून देत आहे, हा योग पुरेसा विलक्षण आहे. अशा श्रोत्यांपुढे अर्जुनाला अहिंसेचा पूर्वसूरी ठरवणे किती सोपे होते! धनुष्य खाली टाकणारा तो वीर सत्याग्रह्यांना आपलाच वाटला असता. विनोबांनी नेमके ते केले नाही.

पहिल्याच प्रवचनात ते अर्जुनाच्या विषादाचे निदान करतात. अर्जुन भ्याड नव्हता, अनेक युद्धे त्याने जिंकली होती. पण त्याच्यात अहिंसावृत्ती जागी झाली असेही नव्हे. समोर स्वजन उभे होते म्हणून त्याला युद्धाचे पाप दिसू लागले. येथे विनोबा एका न्यायाधीशाचा दृष्टांत देतात. शेकडो अपराध्यांना त्याने फाशी सुनावलेली असते. एके दिवशी त्याचा स्वतःचा मुलगाच खुनाच्या आरोपाखाली समोर येतो आणि न्यायाधीश एकदम बुद्धिवादी बनतो. फाशी अमानुष आहे, तिने सुधारणेची आशा संपते, असे त्याला सुचू लागते. त्याचे युक्तिवाद खोटे नसतात, कदाचित सर्वस्वी बरोबरही असतात, पण ते विवेकातून आलेले नसतात, ममतेतून आलेले असतात. म्हणून कृष्ण अर्जुनाच्या मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही, तो थेट मोहावर घाव घालतो, असे विनोबा म्हणतात.

साहित्याच्या अभ्यासकाला या निदानात फार मोलाची वाचनपद्धती सापडते. मोह आणि विवेक यांची भाषा एकच असू शकते. युद्धाने कुळे बुडतात, समाज विस्कटतो, जिंकलेल्यालाही सुख लाभत नाही, ही वाक्ये दोघेही म्हणतील. मग फरक कोठे पाहावा? आमच्या मते यादीत पाहावा. पहिल्या अध्यायात अर्जुन ज्यांच्यासाठी व्याकूळ होतो त्यांची यादी तो स्वतःच देतो: आचार्य, वडीलधारे, पुत्र, आजे, मामे, सासरे, नातू, मेहुणे. दोन्ही बाजूंना मिळून अठरा अक्षौहिणी सैन्य उभे आहे, पण त्या यादीत नाते नसलेला एकही पायदळाचा शिपाई नाही. हत्तीवरचा माहूत नाही, रथ हाकणारा अनोळखी सारथी नाही. अर्जुनाची करुणा खरी आहे, पण तिची सीमा सोयरिकीच्या सीमेशी येऊन थांबते.

हीच कसोटी रामदास यांच्या कामाला लावून पाहावी. भारत-पाक नागरिक मंचाने सातत्याने हाती घेतलेल्या प्रश्नांपैकी एक होता मच्छीमारांचा. सर क्रीकचा वाद मिटलेला नाही, समुद्रावर रेघ काढलेली नसते, जाळे टाकणाऱ्या माणसाला मासा दिसतो, सीमा दिसत नाही. मग इकडचे मच्छीमार कराचीच्या तुरुंगात जातात, तिकडचे गुजरातच्या. शिक्षा संपल्यानंतरही महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, सुटकेची वाट पाहतात. या माणसांसाठी एका माजी नौदलप्रमुखाने बोलावे यात अर्थाचा एक थर अधिक आहे, कारण समुद्रावरील ती सीमा राखणे हेच त्याचे आयुष्यभराचे काम होते. येथे ‘स्वजन’ कोणीच नाही. कराचीचा कोळी कोणाचा आचार्य नव्हे की मामा नव्हे. यादीत त्याचे नाव आले, येथे अर्जुनाची वाट संपते आणि दुसरी सुरू होते. धनुष्य खाली ठेवण्याची कारणे दोन असू शकतात. समोर आपली माणसे आहेत, हे एक. समोर माणसे आहेत, हे दुसरे.

या मांडणीवर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. निवृत्तीनंतरची शांती स्वस्त असते, असे कोणी म्हणेल. अंगावर गणवेष असताना आज्ञा पाळावयाच्या, पद, मान, निवृत्तिवेतन पदरात पाडून घ्यावयाचे आणि मग सदसद्विवेकाला वाट मोकळी करून द्यावयाची, यात धैर्य ते कोणते?

याचे एक उत्तर घटनात्मक आहे. लोकशाहीत सेनापतीने पदावर असताना राजकीय मते जाहीरपणे मांडू लागणे किती घातक असते हे शेजारच्या देशांचा इतिहास सांगतो. पदावरचे मौन हा भित्रेपणा असेलच असे नाही, ते सेनेवरील नागरी सत्तेचे भान असू शकते. दुसरे उत्तर पुन्हा धुळ्याच्या तुरुंगातच सापडते. शेवटच्या, अठराव्या प्रवचनात विनोबा स्वधर्माचा खुलासा करताना सांगतात की स्वधर्माचा काही भाग कायम राहणारा असतो, काही भाग आश्रमाप्रमाणे बदलत जाणारा असतो. जे काल माझे कर्तव्य होते ते आज असेलच असे नाही, आणि कालचे कर्तव्य आज उरले नाही म्हणून काल ते चूक होते असेही नाही. हे दुसरे वाक्य आमचे आहे, पण ते त्या विचारातूनच निघते असे आम्हांला वाटते. मागच्या बाकावरील प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आम्हांला याच वाक्याची गरज होती.

तसेच रामदास यांच्या निवृत्तीतील काळ शांततेची भाषा करण्यास सोयीचा होता, असेही नाही. 1998 चे अणुस्फोट, 1999 चे कारगिल, 2001 चा संसदेवरील हल्ला, 2008 चा मुंबईवरील हल्ला या प्रत्येक वेळी पाकिस्तानशी बोला म्हणणाऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का बसणे सोपे होते. वीरचक्र असलेल्या माणसावर तो मारणे थोडे अवघड जाई, इतकेच. घरच्या आघाडीवरही त्यांनी सोय पाहिली नाही. रायगड जिल्ह्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा बेत झाला तेव्हा त्यांची पत्नी ललिता रामदास आणि ते शेतकऱ्यांच्या बाजूने होते. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धही त्यांनी आवाज उठवला. त्यांची प्रत्येक भूमिका पटेल असे नाही. अणुऊर्जा आणि अणुबॉम्ब यांना एकाच पंक्तीत बसवावे काय, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मात्र हे सगळे स्वस्तात झाले, असे म्हणवत नाही.

येथे एका शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठीत आपण ‘शांती’ आणि ‘शांतता’ हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरतो, पण व्यवहाराने त्यांच्यात फरक केला आहे. शांतता राखावयाची असते, शांतता भंग होते, शांतता समितीची बैठक पोलीस ठाण्यात होते. खानदेशाला या शब्दाचा दीर्घ अनुभव आहे. 1818 मध्ये पेशवाई बुडून हा प्रदेश इंग्रजांकडे आला. भिल्लांचा प्रतिकार मोहिमा काढूनही मोडेना, तेव्हा 1825 मध्ये धोरण बदलले आणि जेम्स आउट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचेच पथक उभारण्याचे काम आले. त्याचे ठाणे होते धरणगाव, जे साहित्याच्या विद्यार्थ्याला बालकवींचे जन्मगाव म्हणून माहीत असते. आउट्रम भिल्लांबरोबर राहिला, त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, त्यांचा विश्वास मिळवला. तोफांपेक्षा हे बरे होते, यात शंका नाही. त्या काळच्या इंग्रजी लेखनात तो भिल्लांना माणसाळवणारा दयाळू सैनिक म्हणून येतो. पण त्या पथकाचे काम इतर भिल्लांचा बंदोबस्त हेच होते, आणि जंगल व जमीन यांवरील हक्काचा प्रश्न तसाच राहिला. 1858 मध्ये खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालील भिल्ल आंबापाणीला इंग्रजांशी लढले, यावरून त्या शांततेखाली काय धुमसत होते ते कळते.

सैनिकाने शांतता आणणे आणि सैनिकाने शांती मागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत प्रश्न गप्प होतो, दुसरीत तो बोलू लागतो. धुळे शहराने ऑक्टोबर 2008 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2013 मध्ये दंगल पाहिली. दुसऱ्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात तरुण मुले मेली. दोन्ही वेळा काही दिवसांनी शांतता प्रस्थापित झाली. मधल्या चार वर्षांत ती शांतताच होती. शांती असती तर दुसरी वेळ आली नसती.

मुंबई, अलिबाग आणि मॅगसेसे यांच्यापासून खानदेश पुष्कळ लांब आहे, हेही मान्य केले पाहिजे. अ‍ॅडमिरल बोलतो तेव्हा वर्तमानपत्रे छापतात. धुळ्या-जळगावचे बहुसंख्य सैनिक शिपाई, नाईक, हवालदार म्हणून परततात. मग बँकेत किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक होतात किंवा शेती पाहतात. युद्धाबद्दल त्यांना काय वाटते हे कोणी विचारत नाही. प्रजासत्ताक दिनी त्यांना व्यासपीठावर बसवले जाते, शाल दिली जाते, चार शब्द मात्र दुसराच कोणी बोलतो. शांतीच्या बाजूने बोलण्यासाठी वीरचक्राचे कवच लागत असेल, तर ज्यांच्याजवळ ते नाही त्यांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर रामदास यांच्या चरित्रात नाही.

मात्र या जिल्ह्याला एकदा तो प्रश्न थेट भिडला होता. 29 सप्टेंबर 2016 रोजी धुळे तालुक्यातील बोरविहीर गावचा एक तरुण जवान नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती सापडला. त्याच दिवशी भारताने लक्ष्यभेदी कारवाई जाहीर केली होती, वातावरण तापलेले होते. ती वार्ता कळताच त्याच्या आजीने प्राण सोडला, असे वृत्तपत्रांत आले. पुढे जवळजवळ चार महिने धुळे जिल्हा एका मुलाची वाट पाहत होता. 21 जानेवारी 2017 रोजी वाघा सीमेवर तो भारताच्या स्वाधीन झाला. तो बंदुकीने परत आला नाही, दोन्ही सैन्यांमधील बोलण्याने परत आला. ज्या बोलण्याची आपण इतर वेळी टिंगल करतो, त्याचीच त्या चार महिन्यांत आपण प्रार्थना करीत होतो.

विनोबांचा न्यायाधीश येथे पुन्हा आठवतो. स्वतःचा मुलगा समोर आला म्हणजे प्रत्येकाला संवादाचे महत्त्व पटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ममता हीच करुणेची पहिली शाळा असते, असे साने गुरुजींचा खानदेश तरी मानील. प्रश्न एवढाच की त्या शाळेतून पुढच्या वर्गात आपण जातो की नाही. बोरविहीरचा मुलगा परत आल्यावर कराचीतील किंवा गुजरातमधील तुरुंगातल्या एखाद्या अनोळखी मच्छीमाराचे नाव आपल्या यादीत आले काय? आमच्या पाहण्यात तसे फारसे झाले नाही. हार-तुरे झाले, यादी होती तेवढीच राहिली.

2022 पासून अग्निपथ योजनेमुळे हा विचार आणखी निकडीचा झाला आहे. या योजनेनुसार चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम सेवेत राहतील, बाकीचे विशी-पंचविशीतच माजी सैनिक होतील. ‘गणवेष उतरवल्यावर पुढे काय’ हा प्रश्न आजवर चाळिशी-साठीतल्या माणसाचा होता, तो आता आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा झाला आहे. नोकरीच्या बाजूने त्याची चर्चा होते आणि ती झालीच पाहिजे. परंतु शस्त्र हाताळलेला, शिस्त अंगी मुरलेला, सीमा प्रत्यक्ष पाहिलेला बावीस वर्षांचा तरुण गावात परतेल तेव्हा त्याच्या शब्दाला वजन असेल. ते वजन तो कोणत्या पारड्यात टाकणार, गावातल्या पुढच्या तणावात तो कोणाच्या बाजूने उभा राहणार, याची चर्चा कोठे होताना दिसत नाही. विनोबांनी 1957 मध्ये शांतिसेना उभारताना ‘सेना’ हा शब्द टाकला नाही. शिस्त, तयारी आणि जिवावर उदार होण्याची वृत्ती हे सैनिकाचे गुण शांतीच्या कामालाही लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा मागच्या बाकावरून पुढच्या वेळी तो प्रश्न आला की आम्ही वाल्याची गोष्ट सांगणार नाही. तुझा भाऊ करतो ते चूक आहे, असे आम्ही म्हणणार नाही, कारण आम्ही तसे मानत नाही. आम्ही वर्गात ‘गीता प्रवचने’चा पहिला अध्याय उघडू, धुळ्याचा तुरुंग येथून किती जवळ आहे ते सांगू, आणि अर्जुनाची यादी फळ्यावर लिहू. मग मुलांना विचारू की या यादीत कोण नाही. भावाची काळजी करणाऱ्या मुलाला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर समजेल, अशी आमची अपेक्षा आहे.